वही कधी सोडायची आणि मग काय धरायचं

बार्शीहून एका आईनं प्रश्न पाठवलाय. मुलगी नववीत, मुलगा तिसरीत, दोघंही सेमी-इंग्रजीला. मुलाचा अभ्यास त्या रोज समोर बसून घेतात. मुलगी सहावी संपल्यापासून वही दाखवत नाही. विचारलं तर "तुला नाही कळायचं" म्हणते. ताई स्वतः बारावी कला शाखेच्या, यजमानांचं दुकान. यजमानांच्या मनात दहावीनंतर मुलीला लातूरला ठेवायचं आहे आणि तिच्यासोबत ताईंनी तिथं खोली करून राहायचं आहे. मुलं मोठी होत जातात तसं आईबापांनी शाळेत किती लक्ष घालायचं आणि कधी सोडून द्यायचं, असं त्यांचं विचारणं आहे.

ताई, माझी सगळी नोकरी माध्यमिक शाळेत झाली. आधी गणित-विज्ञान शिकवलं, मग पर्यवेक्षक झालो, शेवटी मुख्याध्यापक. पालकसभा वर्षानुवर्षं टेबलाच्या अलीकडून पाहिल्या. पाचवीच्या पहिल्या सभेला बसायला बाक पुरत नाहीत. सहावी-सातवीला पुढच्या दोन रांगा कशाबशा भरतात. आठवीला चार-सहा आया येतात आणि त्यातल्या एक-दोघी धाकट्याच्या सभेला आल्या होत्या म्हणून डोकावलेल्या असतात. मग दहावी लागली की पुन्हा व्हरांड्यापर्यंत गर्दी, आणि या खेपेला वडीलही आलेले. तोवर बरंचसं होऊन गेलेलं असतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं: लहानपणी आपण गरजेपेक्षा जास्त धरतो, पाचवी ते आठवी जवळजवळ पूर्ण सोडतो आणि नववीच्या शेवटी एकदम गळा धरल्यासारखं धरतो. धरायचं ते सगळी वर्षं, पण काय धरायचं ते दर दोन-तीन वर्षांनी बदलायला हवं. तुमच्या घरात दोन्ही टोकांची मुलं आहेत, म्हणून दोघांचं वेगवेगळं सांगतो.

आधी तिसरीतला. या वयात सगळ्यात मोलाचं काम एकच, ते म्हणजे त्याला न अडखळता वाचता येणं. हे वरवर सोपं वाटतं. 'असर' या शाळकरी मुलांच्या देशव्यापी पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या कमीच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. केंद्राचं 'निपुण भारत' अभियान २०२१ मध्ये सुरू झालं तेही याच कारणानं, तिसरीपर्यंत वाचन आणि अंकज्ञान पक्कं व्हावं म्हणून. तेव्हा रोज रात्री पंधरा-वीस मिनिटं त्याला मोठ्यानं वाचू द्या. पाठ्यपुस्तकच हवं असं नाही, पेपरातली बातमी चालेल, दुकानातल्या मालाच्या पाकिटावरचा मजकूरही चालेल. तो वाचेल आणि तुम्ही भाकरी करता करता ऐकाल. मध्ये थांबवून "हे म्हणजे काय रे?" एवढं विचारायचं. यासाठी आईचं शिक्षण किती, हा मुद्दाच येत नाही. राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' मोहिमेत पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे गट केले गेले. त्यात स्वतः चौथी-पाचवीपर्यंतच शिकलेल्या कितीतरी बायका डाळ-तांदूळ मोजत मुलांकडून बेरीज करून घेत होत्या.

सेमी-इंग्रजीवाल्यांसाठी एक जादा काम आहे. गणित इंग्रजीत असतं, म्हणून मूल 'पेरिमीटर', 'रिमेंडर' असे शब्द फाडफाड म्हणतं आणि आई खूश होते. त्याला म्हणावं, हे मला मराठीत समजावून सांग. शेताच्या चारी बाजूंनी तार लावायची तर ती किती लागेल हे त्याला काढता येत असेल, तर पेरिमीटर कळला. येत नसेल तर त्यानं नुसता शब्द पाठ केलाय. या कामी तुमचं इंग्रजी कच्चं असणं फायद्याचंच आहे, कारण मुलाला खरोखर मराठीतच सांगावं लागतं.

आता 'समोर बसून अभ्यास घेते' याबद्दल. तिसरीपर्यंत ठीक आहे, पण याच वर्षी हळूहळू उठायला लागा. गृहपाठ काय दिलाय हे तुम्हाला शाळेच्या व्हॉट्सॲप गटावरून कळतं ना? कोरोनाच्या काळात ही सोय झाली आणि नंतर कुणी ती बंदच केली नाही. तिचा तोटा असा की गृहपाठ लक्षात ठेवायची जबाबदारी मुलाकडून आईकडे गेली. पाचवीत मला अशी मुलं भेटू लागली की "गृहपाठ काय होता?" विचारलं तर सरळ सांगायची, "मम्मीच्या मोबाईलवर आहे." गट राहू द्या, पण आधी त्याला विचारा. त्यानं आठवून सांगितल्यावरच मोबाईल उघडा. विसरला तर एखाद्या दिवशी गृहपाठ न करता शाळेत जाऊ द्या. बाई रागावतील, रागावू द्या. तिसरीत ऐकून घेतलेलं बोलणं स्वस्तात पडतं.

प्रकल्पांबद्दल तर बोलायलाच नको. शाळेच्या प्रदर्शनात 'माझे गाव' या तक्त्यावर कोपरे मारलेले, अक्षर बाईंनाही हेवा वाटावा असं, खाली नाव तिसरीतल्या पोराचं. परीक्षकाला सगळं कळत असतं. त्याचा तक्ता वाकडाच जाऊ द्या.

चौथी संपली की आपल्याकडे एक मोठा बदल होतो आणि त्याकडे पालकांचं लक्ष जात नाही. चौथीपर्यंत बहुतेक ठिकाणी एक वर्ग, एक बाई. ती बाई मुलाचं सगळं जाणते, त्याच्या वहीपासून त्याच्या सर्दीपर्यंत. पाचवीला हायस्कूलमध्ये नाव घातलं की विषयागणिक शिक्षक बदलतात, वर्गात साठ-सत्तर पोरं, वर्गशिक्षकाची तुमच्या वर्गावर आठवड्याला पाच-सहा तासिका. कुणाला विचारायचं हेच आईबापांना कळेनासं होतं. त्यातच पोर मोठं झालं म्हणून आई जरा मोकळी होते. वडील म्हणतात, आता क्लास लावू. क्लास लावला की घरात सगळ्यांना वाटतं, अभ्यासाचं बघायला माणूस ठेवलाय. आणि आठवीपर्यंत नापास करत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतंच. २०२३ च्या बदलानंतर राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे; त्यात नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीही नाही जमली तर त्याच वर्गात. तरीही 'ढकलतात हो वर' ही समजूत घराघरात टिकून आहे.

अभ्यासाचं खरं नुकसान याच चार वर्षांत होतं, आणि त्याचा आवाज होत नाही. बालभारतीच्या गणिताचंच पाहा. पाचवीत अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, सहावीत ऋण संख्या, सातवीत बैजिक राशी. नववीत एका गणिताची दोन पुस्तकं होतात. पहिल्या भागातलं दोन चलांतील रेषीय समीकरण ज्याला सुटत नाही, त्याला मी फळ्यावर बोलावून मागं मागं नेत असे. बहुतेक वेळा गाडी अडायची ती छेद समान करण्यापाशी, म्हणजे पाचवीत. चार वर्षं ते तसंच वाहून आणलेलं असायचं. मधल्या प्रत्येक वर्षी प्रगतिपुस्तकावर 'ब' श्रेणी, पालकांची सही आणि 'अधिक सरावाची गरज' हा शेरा. तो शेरा आम्ही शिक्षक कसा लिहितो हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही पुन्हा कधी त्यावर विसंबणार नाही. साठ पुस्तकं एका दुपारी भरायची असतात.

तर या वर्षांत वही सोडायची, पण पुढच्या दोन-तीन गोष्टी घट्ट धरायच्या.

पहिली, उत्तरपत्रिका. गुण बघू नका, पेपर बघा. घटक चाचणीची आणि सहामाहीची तपासलेली उत्तरपत्रिका मुलांना वर्गात दाखवतात. घरी न्यायला मिळत नसेल तर शाळेत येऊन बघायला मागा. आम्हा शिक्षकांना असा पालक आवडतो. गणित येत नसलं तरी तुम्हाला एवढं नक्की दिसेल की लाल रेघा एकाच प्रकारच्या गणितावर आहेत की सगळीकडे विखुरलेल्या, शेवटची दोन पानं कोरी आहेत की नाहीत. त्यावरून कुठल्या सरांना काय विचारायचं ते सुचतं.

दुसरी, भेटीची वेळ. निकालाच्या दिवशी शाळेत गर्दी असते आणि शिक्षक बचावाच्या पवित्र्यात असतात. त्या दिवशी काही हाती लागत नाही. जुलैच्या शेवटी, ऑगस्टमध्ये, वर्ग बसल्यावर आणि पहिली चाचणी झाल्यावर जा. एकाच शिक्षकाला भेटायचं, ज्या विषयात अडचण आहे त्याला, आणि विचारायचं की मागच्या इयत्तेतलं काय राहिलंय. "कसा आहे हो आमचा?" विचाराल तर "बरा आहे, मस्ती कमी करायला सांगा" एवढंच उत्तर मिळेल. सातवीपासून मुलालाही सोबत न्या आणि त्याच्यादेखतच बोला. त्याच्या पाठीमागं झालेलं बोलणं घरी येईपर्यंत तक्रार होऊन बसतं.

तिसरी गोष्ट बोलण्याची, तीही अभ्यासाबद्दलच्या बोलण्याची नव्हे. नॅन्सी हिल आणि डायना टायसन या अमेरिकी संशोधकांनी २००९ मध्ये साधारण आपल्या पाचवी-आठवीच्या वयाच्या मुलांवरच्या ५० अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. पालक घरी काय काय करतात आणि मुलाची प्रगती कशी होते, यांची सांगड त्यांनी घातली. शिक्षणाचा उपयोग काय, तुला पुढं काय करावंसं वाटतं, शाळेत शिकतोस त्याचा बाहेरच्या जगाशी काय संबंध, असं घरात बोलण्याचा मुलांच्या प्रगतीशी संबंध सगळ्यांत घट्ट दिसला. गृहपाठात बसून मदत करण्याचा संबंध उलटा निघाला. यावर माझ्यातला गणिताचा मास्तर लगेच म्हणेल की जे पोर मागं पडतं त्याच्याच शेजारी आई बसते, म्हणून आकडे उलटे दिसत असतील. शक्य आहे. पण या वयाच्या मुलाच्या वहीत आईचं बोट शिरलं की त्याचं निम्मं डोकं आईला टाळण्यात जातं, हे मी वर्गातही पाहिलंय आणि पालकांच्या तोंडूनही ऐकलंय.

आमच्या भागात ऊसतोडीला जाणारी कुटुंबं पुष्कळ. दिवाळीनंतर आईबाप कारखान्यावर जातात, मूल आजीजवळ राहतं, नाहीतर हंगामी वसतिगृहात. शाळेच्या पटावर पालक म्हणून आजीचा अंगठा. अशाच एका आजीचा रोजचा प्रश्न ठरलेला असे, "आज नवीन काय ऐकलंस?" आणि पोरगा सांगेपर्यंत ती ताट वाढत नसे. तिचा नातू पुढं चांगला शिकला. आजीच्या प्रश्नानंच शिकला असा माझा दावा नाही. हुशार होता तो. पण पालकसभेत मोबाईलवर व्हिडिओ काढणाऱ्या बऱ्याच बापांपेक्षा तिला शाळेत काय चाललंय ते जास्त ठाऊक असायचं.

शाळेच्या कामातही शिरायचं असेल तर शिरा. शासकीय आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूणात निम्म्या महिला. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो आणि २०११ च्या शुल्क कायद्यानुसार त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात. शाळेची फी ठरवण्यात तिचा अधिकृत वाटा असतो. बहुतेक ठिकाणी या समित्यांची सभा म्हणजे चहा आणि सह्या. तुम्ही मात्र इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नका, एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो. मुलींच्या स्वच्छतागृहाला दाराची कडी आहे का, हा प्रश्न सभेत विचारायला कुठल्याही पदवीची गरज नसते, आणि आठवीतल्या मुलींच्या हजेरीशी त्या कडीचा फार जवळचा संबंध असतो.

आता मुलगी. नववी.

"तुला नाही कळायचं" हे ऐकायला टोचतं, पण तिच्या बाजूनं ते खरंच आहे. दोन भागांचं गणित, इंग्रजीतलं विज्ञान, तुम्हाला नाही कळायचं. ते कळावं अशी तिची अपेक्षाही नसावी. वही मागणं बंद करा. चोरून बघणंही बंद करा. सहामाहीचे पेपर हातात आले की तिला स्वतःलाच प्रत्येक गेलेल्या गुणाची फोड करायला सांगा: हे येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. तिन्हींवरचे उपाय वेगळे असतात. पहिल्यासाठी शिक्षक लागतो, दुसऱ्यासाठी सराव, तिसऱ्यासाठी घड्याळ लावून पेपर सोडवणं. तुम्ही नुसतं ऐकायचं. "एवढे कसे गेले?" हा प्रश्न तोंडात आला तर गिळून टाका.

नववीला कमी लेखू नका, एवढं आवर्जून सांगतो. दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून नववीत मुलं अडवायची जुनी खोड आपल्या बऱ्याच शाळांना आहे, आणि दहावीच्या गणित-विज्ञानाचा अर्धाअधिक पाया नववीत आहे. पण याचा अर्थ नववीपासून घराचं परीक्षा केंद्र करणं असा नाही. टीव्ही बंद, पाहुणे बंद, लग्नाला जायचं बंद, असली व्रतं दोन वर्षं कुणाच्यानं पाळवत नाहीत. पहिले सहा महिने पाळतात, मग सगळेच चिडचिडे होतात.

त्यापेक्षा घरात एक गोष्ट तपासा. नववीतल्या मुलीच्या वाट्याला रोज घरकाम किती आहे? हा प्रश्न मी पालकसभेत विचारला की बायका खाली बघत आणि पुरुष घड्याळाकडे. संध्याकाळची भांडी, धाकट्याला सांभाळणं, पाहुणे आले की चहा, शनिवारी धुणं. कामाला माझा विरोध नाही, मुलग्यानंही करावं. पण दहावीला मुलगा असेल तर त्याला पाण्याचा पेला हातात मिळतो आणि मुलगी असेल तर ती अभ्यासातून उठून भावाला पेला देते, हे मी भरपूर पाहिलंय. तुमच्याकडे तसं असेल-नसेल, मला माहीत नाही. असेल तर तिचा एक तास मोकळा करून देणं, हाच नववीतल्या पालकांचा सगळ्यात मोठा सहभाग.

झोप आणि मोबाईल यांबद्दल नियम करायचे असतील तर ते सगळ्या घराला लावा. रात्री साडेदहाला सगळे मोबाईल दुकानाच्या गल्ल्यात. वडिलांचाही. एरवी चार दिवसांत मोडेल.

आता यजमानांचं काम सांगतो, कारण वडील साधारणपणे दहावीच्या निकालाच्या दिवशी उगवतात आणि टक्के विचारतात. त्यांना याच वर्षापासून कामाला लावा. मूल मोठं होतं तसं पालकाचं काम अभ्यासातून कमी होतं आणि कागदपत्रांत वाढतं. शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधली मुलीची नोंद बघून या: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, जात. आधार कार्डाशी आणि जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. मूल शाळेत शिकत आहे तोवर दुरुस्ती तुलनेनं सोपी असते. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की त्याच दुरुस्तीसाठी फार हेलपाटे घालावे लागतात. दहावीचा बोर्डाचा अर्ज भरल्यावर शाळेकडे छापील प्री-लिस्ट, म्हणजे अर्जातली माहिती तपासण्यासाठीची यादी, येते. तिच्यावर पोरं मित्राच्या पाठीवर कागद ठेवून सही करतात. ती यादी घरच्या मोठ्या माणसानं शाळेत जाऊन वाचावी. इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर पुढं पासपोर्टपर्यंत छळतं.

जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर, हे जूनमध्ये तहसीलच्या गर्दीत काढायचे कागद नव्हेत, दिवाळीनंतर काढून ठेवा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत मात्र बघून घ्या. जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावी विज्ञानाला असताना कॉलेजमार्फत करता येतो, तो बारावीच्या निकालापर्यंत लांबवू नये. आणि हे लक्षात असू द्या: वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनानं जुलै २०२४ मध्ये घेतला. कागद वेळेवर नसले तर हा हक्क कागदावरच राहतो. मुलाच्या बाबतीत पुढं आठवीला एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचं बघा. शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना त्यातून नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. शाळेनं सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

आता लातूर.

तुमच्या प्रश्नात लातूर तीनदा आलं, मुलीला काय व्हायचंय हे एकदाही आलं नाही. आधी तिला विचारा. डॉक्टर, इंजिनिअर असं विचारू नका. कुठला विषय स्वतःहून उघडून बसतेस ते विचारा. जीवशास्त्र आवडत नसलेल्या मुलीला दोन वर्षं नीटच्या वर्गात बसवणं म्हणजे काय असतं, हे तिथल्या वसतिगृहांच्या अधीक्षिकांना विचारून बघा. आणि नववीपासूनच 'फाउंडेशन' लावा असं सांगणारे दुकानापर्यंत येतील. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये, दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा. मार्गदर्शक सूचनांचं आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी पत्रक घेऊन कुणी आलं तर हे वाक्य त्याला ऐकवून बघा.

लातूरला नावं ठेवायचा माझा उद्देश नाही. तिथल्या कॉलेजांनी आणि क्लासेसनी अभ्यासाची एक शिस्त बसवली, त्यातून खेड्यापाड्यांतली हजारो मुलं मेडिकलला गेली, हे खरं आहे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत आणि अर्जात दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात, त्यामुळे घरबसल्या लातूरचं कॉलेजही भरता येईल आणि बार्शीचंही. तो अर्ज तिला स्वतःला भरू द्या, तुम्ही शेजारी बसून तपासा. पुढच्या जेईई, नीट, सीईटीच्या अर्जांचंही तसंच. ईमेल तिचा, पासवर्ड तिच्याकडे, आणि मोबाईल नंबर असा द्या की जो दोन वर्षं बंद पडणार नाही आणि ओटीपी आला की वेळेवर कळेल. दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणून ओटीपी न सांगणाऱ्या बापांच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्यात.

अकरावी-बारावीत पालकाच्या हाती फार थोडं उरतं. पैसे, जेवण, तारखा आणि ऐकून घेणं. रोज फोन करून "आज किती गुण पडले टेस्टला?" विचारणं यात येत नाही. दर रविवारी चाचणी असते, दर रविवारी क्रमांक लागतो, तो तिला क्लासवालेच पुरेसा ऐकवतात. तुम्ही जेवलीस का विचारा. झोप लागते का विचारा. आणि या उत्तरांत दोन आठवडे काही बिनसल्यासारखं वाटलं तर फोनवर समजूत घालत बसू नका, गाडी पकडा.

आणि तुम्ही खोली करून तिथं राहायचं की नाही? माझं मत नको असं आहे, आणि कारण मुलगी नाही, मुलगा आहे. मुलगी अकरावीला जाईल तेव्हा तो पाचवीत असेल, ती बारावीत तेव्हा तो सहावीत. म्हणजे नवी शाळा, विषयागणिक शिक्षक, अपूर्णांक, ऋण संख्या, हे सगळं तुम्ही घरात नसताना. वडील सकाळी नऊला दुकानात जाऊन रात्री नऊला येणार. वर ज्या चार वर्षांबद्दल इतकं लिहिलं, त्यातली पहिली दोन तुम्ही लातूरच्या खोलीत सोळा-सतरा वर्षांच्या, स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्या मुलीला डबा करून देण्यात घालवाल. शिवाय एका खोलीत दिवसभर आई समोर असणं आणि तिनं आपल्यासाठी घर सोडलंय हे रोज दिसणं, याचं ओझं त्या वयाच्या मुलींना फार होतं. त्या बोलत नाहीत.

जायचंच ठरलं तर वसतिगृह बघा. बघायला दोघं जा आणि मुलीला न्या. खोलीत किती मुली, रात्री आजारी पडली तर कोण दवाखान्यात नेतं, अधीक्षिका तिथंच राहते का, जेवण एक वेळ तिथंच जेवून बघा. महिन्यातून दोन रविवार एकानं जाऊन यायचं, एकदा तुम्ही, एकदा यजमान. शुल्क एकदम भरू नका, हप्त्यांत भरा आणि मध्येच सोडलं तर किती परत मिळतं ते पावतीवर लिहून घ्या. दिवाळीपर्यंत तिला नाहीच रुळता आलं तर परत आणायचं, हे आधीच, तिच्यासमोर, तिघांनी ठरवून ठेवा.

त्याला अजून अवकाश आहे. या महिन्यात करायचं ते एवढंच: मुलीच्या सहामाहीचे पेपर तिला घेऊन बसू द्या, यजमानांना जनरल रजिस्टर बघायला पाठवा, आणि मुलाला उद्याचा गृहपाठ मोबाईल न उघडता विचारा.